खालचं रान

सोलापूर,
११ जुलै १९७८

प्रिय चन्नम्मा,

माझं अक्षर तुला ओळखू येईल का, ठाऊक नाही. शहरात सात रस्त्यावर काम होतं, तेव्हा पोस्टात जाऊन अंतर्देशीय घेणार होतो. मग वाटलं, तेवढ्यात मावणार नाही, म्हणून पाकीट घेतलं. पत्ता लिहायला बसलो तर तुझ्या घराचा नंबर आठवेना. शेवटी कोंडीबाला विचारला. खालच्या रानाची तुझ्या वाट्याची ज्वारी तोच दरवर्षी पोचवतो, त्याला तुझी गल्ली पाठ आहे. सख्ख्या भावाला बहिणीचा पत्ता वाटेकऱ्यानं सांगायचा, हे त्यानं सोडलं नाही. "अक्कलकोट काय लई लांब न्हाय, अण्णा. एसटी जाती की," म्हणाला. मी पत्ता उतरवून घेतला.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या पार्वतीवहिनीचे गुडघे दुखतात, पण ती बसत नाही. तांबडी गाय व्याली. भावजींची बदली टळली असं कोंडीबाकडूनच कळलं, बरं वाटलं. तुझ्या शिवणाच्या वर्गाला आता मुली जास्त येतात, हेही त्यानंच सांगितलं. तुझ्याबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं ज्वारीच्या गाडीतून परत आलेलं आहे.

तळ्याचं काम चाललंय हे तू ऐकलं असशील. तू शेवटची आलीस तेव्हा पाण्याला रंग चढायला लागला होता. नंतर तो चढतच गेला. शहरात रंगखाने वाढले आणि त्यांचं सगळं पाणी नाल्यानं आपल्याकडे यायला लागलं. लग्नसराईत तळं लाल, दिवाळीच्या आधी जांभळं. "सोलापुरात कुठली चादर खपती ते आमाला हितं कळतंय," असं कोंडीबा म्हणायचा आणि लोक हसायचे. मग धुणी बंद झाली. मग मासे उलटे होऊन काठाला लागले. मग म्हशी पाण्याला तोंड लावेनात, तेव्हा हसणं थांबलं. पंचमीला बायका नागोबाला दूध घालून तळ्यावर जायच्या, त्या देवळातूनच परत फिरायला लागल्या.

आप्पांनी आपल्या दोघांना तिथंच पोहायला शिकवलं होतं. पाठीला सुका भोपळा बांधून मला आधी ढकललं होतं आणि मी काठाला धरून रडत होतो. तुझी पाळी आली तेव्हा तू भोपळा बांधूच दिला नाहीस. दोनदा पाणी प्यायलीस आणि तिसऱ्यांदा पोहायला लागलीस. अव्वा काठावरून आप्पांना कन्नडमधून शिव्या देत होती. ते पाणी इतकं स्वच्छ होतं की तुझे पाय हलताना वरून दिसत होते. माझ्या मुलांना हे सांगितलं तर ती माझ्याकडे नुसती बघतात.

बहात्तरच्या दुष्काळात तळं कोरडं पडलं आणि सरकारी कामावर गावानंच त्यातला गाळ काढला. ज्यांनी वरचा काळा थर शेतात टाकला त्यांची पिकं जळली, म्हणून उरलेला बांधावर टाकला. पाऊस झाला, वर्षभर पाणी बरं राहिलं, पुन्हा रंग आला. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून एक शहाणपण केलं. नालाच बांधून टाकला. घाण आलीच नाही तर तळं आपोआप सुधारेल, असा हिशेब होता. चैत्रात तळ्याची चिखलवट झाली आणि खालच्या सगळ्या विहिरी आटल्या. नाल्याचं पाणी घाण होतं, पण बारमाही होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. "घाण तर घाण, जनावरांचा हंडा तरी भरत हुता," असं म्हणून बायकांनी आम्हाला पारावर बसणं नकोसं केलं. एका सकाळी बांध फुटलेला दिसला. कुणी फोडला हे मी विचारलं नाही, कारण माझ्याही विहिरीला पाणी आलं होतं.

त्यानंतर मुजावर नावाचे ओव्हरसिअर गावात यायला लागले. सोलापूरचेच आहेत, सायकलवरून येतात, फार बोलत नाहीत. आम्ही त्यांना तळं दाखवायला नेलं, तर ते तळ्याकडे पाठ करून माळाकडे बघत राहिले. "तालाब कू कुछ नै हुआ, उसके रस्ते कू हुआ," म्हणाले. तळं माळावर सुरू होतं आणि तुमच्या विहिरीत संपतं, मधला एकच तुकडा धुऊन काय होणार, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा ऐकताना ते सरकारी भाषण वाटलं. पण दोन वर्षं आम्ही तेच करत आलो. माळावर आडवे चर खणले, करंज आणि कडुनिंब लावले. शेळ्यांवरून धनगरांशी भांडण झालं, ते मिटलं. म्हशींना वेगळा घाट केला. रंगखानेवाल्यांकडे चार-पाच जण मिळून गेलो. एकानं तोंडावर दार लावलं, पण बाकीच्यांनी रंगाचं पहिलं दाट पाणी आपल्याच हौदात मुरवायचं कबूल केलं आणि बहुतेक जण ते पाळतात. यंदा नाल्याला लाल पाणी आलं नाही. गढूळ आहे, वास आहे, पण लाल नाही. कोंडीबाचा विनोद आता चालत नाही, याचं त्याला थोडं वाईटच वाटतं.

आता एकच काम राहिलं आहे आणि ते अडलं आहे. नाल्याचं पाणी थेट तळ्यात जाता कामा नये. आधी ते एखाद्या सखल जागी पसरायला हवं, पाणकणसात आणि लव्हाळ्यात थांबायला हवं, घाण तळाशी बसायला हवी, आणि मग वरचं वरचं पाणी संथपणे तळ्यात उतरायला हवं. हे झालं नाही तर बाकीची सगळी मेहनत दोन पावसांत वाया जाईल, असं मुजावर म्हणतात आणि मला ते पटतं. आपल्याकडे खरा पाऊस हस्ताचा, म्हणजे हाती फार दिवस नाहीत. नाल्याच्या काठची सगळी रानं लोकांनी विकली. तिथं आता गोदामं आहेत, प्लॉट पाडलेत. सखल, मोकळं, तळ्याला लागून असलेलं एकच रान राहिलं आहे. कुठलं ते तुला सांगायला नको.

आप्पांचे दिवस झाल्यावर कागद झाले, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. तलाठी ओसरीवर बसला होता. तुझे हात पिठाचे होते. तू हात धुऊन आलीस, कागद हातात घेतलास आणि सगळा वाचलास. बहिणी वाचत नाहीत, सही करतात. त्यांना साडीचोळी होते, पंचमीला बोलावणं येतं आणि हिस्सा भावाकडे राहतो. आपल्याकडे सगळ्यांच्या घरी असंच झालं होतं. तू म्हणालीस, खालचं रान माझ्या नावावर राहू दे, बाकी सगळं अण्णाचं. मामा चिडले. "पोरी, तुला माहेर पाहिजे का माती?" तू कागदावरची नजर न काढता "दोन्ही पाहिजे, मामा" म्हणालीस. ओसरीवर कुणीतरी हसलं. मी हसलो नाही. त्या वर्षी पंचमीला मी गाडी पाठवली नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि मग न पाठवण्याची सवय झाली.

तू तेव्हा केलंस ते मला आजही पूर्ण पटलेलं नाही. हे खोटं कशाला लिहू? चारचौघांत, तलाठ्यासमोर ते बोलायला नको होतं, असं मला वाटतं ते वाटतंच. पण दुसरंही एक खरं आहे. तू सही केली असतीस तर मी ते रान विकलं असतं. गोदामवाला माझ्याकडेच आधी आला होता आणि भाव चांगला सांगत होता. मी त्याला म्हणालो, रान बहिणीचं आहे. ते सांगताना मला रागच आला होता. आज नाल्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना पत्रे दिसतात आणि मधे तुझी ज्वारी.

परवा रविवारी बसवण्णाच्या देवळात बैठक झाली. शरणप्पा आता सरपंच आहे. माझ्याकडे बोट करून त्यानं मार्ग काढला. बहीण गुरुबसप्पाची, तिच्याकडून हक्कसोडीचा कागद लिहून घ्यायचा, रान गुरुबसप्पाच्या नावावर आलं की त्यानं ते गावाला द्यायचं. "बाईमाणसाला कशाला कचेरीच्या पायऱ्या चढाय लावायच्या?" असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तळ्याच्या तोंडाशी आप्पांच्या नावाची शिळा बसवायची, त्याखाली दाता म्हणून माझं नाव, असंही ठरलं. माझ्या हातात नारळ दिला. मी तो घेतला. लोकांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि चूक माझी होती, कारण नारळ घेताना मलाही बरं वाटत होतं. घरी आलो तर पार्वती भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "झालं की मग. रान आयतं मिळालं, नाव मिळालं. आता पंचमीला न बोलवायला कारण तेवढं नवीन शोधा," म्हणाली आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी शरणप्पाकडे जाऊन सांगितलं की हे असं नको. तो हसायला लागला. कागद टाइप झाला होता, साक्षीदार ठरले होते. "तुमी कशाला काळजी करता? भावाच्या नावानं कागद गेला की बहीण न्हाई म्हणत न्हाई," म्हणाला. मी म्हणालो, माझी म्हणते. तो पुन्हा हसला, पण कागद काही त्यानं मागं घेतला नाही. त्याचं मन वाईट नाही. तळं व्हावं एवढंच त्याला हवं आहे आणि त्याला घाई आहे. मलाही आहे.

म्हणून हे पत्र. ग्रामपंचायतीचा रामहरी येत्या सोमवारी तुझ्याकडे येईल. त्याच्या कागदावर माझी संमती आहे असं लिहिलेलं असेल. ती नाही. रान तुझं आहे आणि द्यायचं की नाही हे तूच ठरवायचं. दिलंस तर तिथं पुन्हा ज्वारी होणार नाही, हे आधी समजून घे. द्यायचं ठरवलंस तर तुझ्या नावानं दे, वाटलं तर मालकी देऊ नकोस, नुसतं वापरायला दे. अटी तू घाल, गवताचा वाटा माग, कोंडीबाला राखणीचं काम माग, आणि बैठकीला स्वतः ये. मी तुझ्या बाजूला बसेन, बोलणार नाही. नाही द्यायचं ठरवलंस तर माझं वरचं रान आहे. तिथं निम्मंच काम होईल, असं मुजावर म्हणतात. निम्मं तर निम्मं. तू काहीही ठरवलंस तरी पंचमीच्या आदल्या दिवशी गाडी येईल. गाडीबरोबर मी असेन, कोंडीबा नाही. रामहरी चांगला मुलगा आहे, उन्हातून येईल. त्याला चहा दे. सही देऊ नकोस.

तुझाच,
अण्णा