सेकंदाचा पाचशेवा भाग

४ ऑक्टोबर १९५९, रविवार

पुन्हा हलली! रोल धुऊन आला. देवळाचा कळस छान, वडाळे तळं छान, शेजाऱ्यांची म्हैससुद्धा छान — आणि सत्यवती? एका फोटोत पदर नि अर्धा कान. दुसऱ्यात नुसती पाठ. तिसऱ्यात तुळशीवृंदावन आहे, बायको नाहीच!

लग्नाला बावीस वर्षं झाली, घरात तिचा एक फोटो नाही. वेणूच्या लग्नात सगळे ओळीनं उभे राहिले, तर वधूमाय कोठीच्या खोलीत लाडू मोजतेय. सासरी जाताना लेक म्हणाली, "बाबा, आईचा एक तरी फोटो पाठवा हं." म्हणून तर कॅमेरा घेतला. पण हा डबा कॅमेरा म्हणजे नुसता डबाच. शटर उघडून मिटेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचते.

दोष कॅमेऱ्याचा. वेगवान पाहिजे.

५ ऑक्टोबर

ढग. फोटो नाही. उगाच चिडचिड.

७ ऑक्टोबर

भाताच्या गिरणीतून सुटलो तो थेट दिनानाथच्या स्टुडिओत. शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे खुर्ची माझीच. आज काय पाहिलं! मुंबईच्या कुणा गिऱ्हाइकाचा जर्मन कॅमेरा दुरुस्तीला आलाय. दोन भिंगांचा! छातीशी धरायचा आणि वरून वाकून बघायचं — आख्खा रस्ता दुधी काचेवर चालताना दिसतो. मी टांगे बघत बसलो. चहा निवला.

"शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागात," दिनानाथ म्हणाला. "धावता घोडा जागच्या जागी थांबतो यात."

"घोड्याचं सोड. सत्यवती थांबेल का?"

तो इतका हसला की आतलं गिऱ्हाईक बाहेर आलं.

जेवताना तिला सगळं सांगितलं. भिंग, काच, पाचशेवा भाग. तिनं आमटी वाढली. म्हणाली, "एवढ्याशा वेळात माणसाचं काय दिसणार?"

११ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच खाडीवर गेलो. होड्यांवर ऊन उत्तम पडलं होतं. डोळा लावतो तोच मागून रंभाचा आवाज. आमच्या आळीत मासळी घेऊन येते ती.

"ओ काशीरामभाव, त्या होडीचा फोटू काय काढता? माजा काढा!"

"हलायचं नाही हं."

"मी नाय हालनार. टोपलीतलं मावरं हाललं तर मना बोलू नका!"

टोपली कमरेवर घेऊन उभी राहिली, जशी काही भांडायलाच. काय फोटो येईल! अशी माणसं असली की डबासुद्धा चालतो.

१५ ऑक्टोबर

फिल्म धुवायला शिकलो! दिनानाथनं दाखवलं, आज घरी केली. मोरीला घोंगडी लावली, लाल काचेचा दिवा ठेवला. अंधारात घामाच्या धारा. पण रंभा उमटली — टोपली, नथ, हसू, सगळं! मी आतून ओरडलो. सत्यवती बाहेरून ओरडली, कारण मी औषध तिच्या लोणच्याच्या बरणीत कालवलं होतं.

आता फोटो मोठे करायला एन्लार्जर पाहिजे. फ्लॅश पाहिजे. उजेड मोजायचं ते मीटर पाहिजे. आणि तो दोन डोळ्यांचा जर्मन! डोळे मिटले तरी तोच दिसतो.

२५ ऑक्टोबर, रविवार

मिळाला!! विकत नव्हे हो, उसना. गिऱ्हाईक दिवाळीनंतर येणार आहे. दिनानाथ म्हणाला, "ने. पाडू नकोस, नाहीतर मला पनवेल सोडावं लागेल."

सत्यवती मागच्या पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. ऊन होतं. मी खांबाआड. हाक मारली — "सत्यू!" तिनं मान वर केली. खट्!

थांबली! पकडली!

२६ ऑक्टोबर

फोटो लख्ख आलाय. पापणीचा केस न् केस दिसतो.

ती लाजत नाहीये. इतकी वर्षं मी समजत होतो, लाजते म्हणून पळते. ती घाबरली आहे. कुणी हात उगारला की माणूस जसं बघतं, तसं बघते आहे. माझ्याकडे!

२८ ऑक्टोबर

तिला दाखवला नाही. कॅमेरा कपाटावर ठेवलाय. गिरणीत लक्ष नाही.

१ नोव्हेंबर, रविवार

आज विचारलंच. म्हटलं, मी चोरून फोटो काढला, चुकलं माझं. पण तू घाबरतेस कशाला?

हातातली वात तिनं पुरी वळली. मग सांगितलं. पंधरा वर्षांची होती. मामानं पेणला स्टुडिओत नेऊन फोटो काढवला, एका स्थळाला पाठवला. त्यांचा माणूस तो परत घेऊन आला. ही माजघरात दाराआड उभी. ओटीवरून ऐकू आलं — "बरं झालं फोटो आधी पाठवलात. आमचं जाण्यायेण्याचं भाडं वाचलं." आणि ओटीवरचे सगळे हसले. हिचा मामासुद्धा.



मग म्हणाली, "तुम्ही फोटो मागितला नाहीत. मला बघायला उन्हातान्हाचे चालत आलात. म्हणून मी हो म्हटलं."

पडवीतला तो फोटो आणि त्याची फिल्म कापून चुलीत टाकली. तिच्यासमोर.

७ नोव्हेंबर

सत्यवतीनं आपणहून कॅमेरा खाली काढला! "बघू, काय एवढं दिसतं त्या काचेत." वाकली. "अगं बाई! तुम्ही उजवीकडे सरकलात की यात डावीकडे पळता!" मला अंगणभर नाचवलं. इकडे या, तिकडे जा, परत या. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. मलाही हसू आवरेना. मग एकदम मास्तरणीच्या आवाजात — "उभे राहा तिथं! माझ्याकडे बघा. हलायचं नाही!"

खट्.

८ नोव्हेंबर, रविवार

तिनं काढलेला फोटो मोठा करून आणला. मी कधी आरशात असा दिसलो नाही. तिच्याकडे बघताना माझा चेहरा असा उजळतो?

ती फोटो हातात घेऊन खिडकीशी गेली. उजेडात धरून त्यातला माझा चेहरा पाहत राहिली. मग म्हणाली, "मी अशी दिसते होय तुम्हाला?"

आणि अंगणात जाऊन उभी राहिली. "या. काढा माझा."