दोन पडदे आणि गणिताचा पेपर

६ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण पुढेमागे कुणी विचारलं, की सिल्वासातल्या एका साध्या मराठी शाळेत पेपरफुटी कायमची कशी थांबली, तर नोंद हवी. अर्थात ही वही कुणालाही दाखवायची नाही. सुरक्षिततेचा पहिला नियम.

पार्श्वभूमी. गेल्या वर्षी दहावीच्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर आदल्या दिवशी मोबाइलवर फिरला. किलवणीपासून खेरडीपर्यंत पोरांनी तो सोडवून पाहिला. पहिलाच प्रश्न भिंतीला टेकवलेल्या शिडीचा, तो तर माझ्याही पाठ झाला. फोटोच्या कोपऱ्यात निळं टेबलक्लॉथ दिसत होतं. तसं टेबलक्लॉथ आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे हे खरं, पण ते बाजारातही मिळतं. पेपर छापताना प्रिंटरच्या ट्रेमध्ये माझ्याकडून एक प्रत राहिली होती, हेही खरं. पण ती शाई पसरलेली, खराब प्रत होती. खराब प्रतीला कोण विचारतो?

माझं कंत्राट ३१ मार्चला संपतं. पुढच्या वर्षासाठी मुख्याध्यापिका शैलजा मॅडमची शिफारस लागते. बायको, वैशाली, म्हणाली, वापीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिक्षकाची जागा निघालीय, अर्ज टाकून ठेवा. टाकणार नाही. ज्याच्या हातात पेपरची चावी असेल त्याला कोण काढणार?

९ जानेवारी, गुरुवार

सापडलं. व्हिज्युअल क्रिप्टोग्राफी.

पेपरच्या फाइलच्या पासवर्डचं एक चित्र घ्यायचं. कॉम्प्युटर त्याचे दोन पडदे करतो. पारदर्शक प्लास्टिकवर छापायचे. प्रत्येक पडद्यावर नुसते काळे ठिपके, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसे. एक पडदा कितीही वेळ बघा, काही कळणार नाही. जगातला सगळ्यात मोठा कॉम्प्युटर लावा, तरी नाही. पण दोन्ही एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले की अक्षरं उभी राहतात. एक पडदा माझ्याकडे, एक मॅडमकडे. एकट्यानं कुणालाच पेपर उघडता येणार नाही.

वैशालीला समजावलं. ती भाजी निवडत म्हणाली, म्हणजे लॉकरच्या दोन चाव्या. मी म्हटलं, तसं नाही. मग पुन्हा समजावलं. ती म्हणाली, हो, लॉकरच्या दोन चाव्या.

संकल्प: घरात तांत्रिक विषय काढायचे नाहीत.

१३ जानेवारी, सोमवार

स्टाफरूममध्ये प्रात्यक्षिक. यशस्वी. दोन पडदे खिडकीला धरले आणि मॅडमचं नाव उमटलं, शैलजा. मॅडम म्हणाल्या, छान दिसतंय. बाकी सगळे गप्प. विषयाची खोली एकदम झेपत नाही लोकांना.

गणिताच्या प्रसाद सरांनी विचारलं, एक पडदा हरवला तर? मी म्हणालो, मग पेपर कुणालाच मिळणार नाही, हीच तर सुरक्षितता. त्यांनी विचारलं, आपल्यालासुद्धा? मी म्हणालो, तत्त्वतः, हो. ते मॅडमकडे बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.

ऑफिसातले भावेशभाई तेवढ्यात सही घ्यायला आले आणि पडदा उचलून म्हणाले, साहेब, आ झेरॉक्स तो खराब आवी छे, फेंकी दऊं? अज्ञान. पण यातूनही एक सिद्ध झालं, की चोराला पडदा कचराच वाटणार.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. सगळं सिल्वासा गच्चीवर पतंग उडवत होतं, मी लॅपटॉपवर. आज शाळेत तिळगूळ वाटला. मी स्टाफरूममध्ये शिरलो की सगळ्यांचं बोलणं थांबतं, हे हल्ली लक्षात येतंय. परीक्षेचं काम ज्याच्याकडे असतं त्याच्याबद्दल एक आदर असतो, त्यातला हा प्रकार. प्रसाद सर तिळगूळ घेताना म्हणाले, सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. मी विचारलं, काय? ते म्हणाले, काही नाही, गोड बोला.

२० जानेवारी, सोमवार

प्रसाद सरांनी पेपरची फाइल पेन ड्राइव्हवर दिली. मी त्यांच्यासमोरच त्यांच्या कॉम्प्युटरवरची मूळ फाइल पुसायला लावली. ते जरा घुटमळले. मॅडम म्हणाल्या, पुसून टाका प्रसाद सर, हर्षल सर सांगतात तसं करा. हे वाक्य मॅडमनी सर्वांसमोर म्हटलं. कंत्राटाचं काम इथेच झालं असं मी धरून चालतो.

फाइल मी उघडून पाहिली नाही. तत्त्व. न उघडताच कुलूप घातलं. पासवर्ड कॉम्प्युटरनंच बनवला, त्यानंच चित्र केलं, त्यानंच पडदे केले, आणि मूळ चित्र पुसलं. मी स्वतः तो पासवर्ड पाहिलेला नाही. म्हणजे उद्या मला कुणी बांधून मारलं तरी मी सांगू शकणार नाही.

वैशालीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, तुम्हाला कोण कशाला मारेल?

२२ जानेवारी, बुधवार

पारदर्शक शीट सिल्वासात मिळेना. शेवटी वापीहून आणल्या. दोन्ही पडदे छापले, एकमेकांना लागू न देता वेगवेगळ्या पाकिटांत घातले. मॅडमचं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, जिवापाड जपा. मॅडमनी मान डोलावली.

आता परीक्षेच्या सकाळपर्यंत दोन पडद्यांची भेट नाही. हाच या पद्धतीचा आत्मा आहे.

२५ जानेवारी, शनिवार

मॅडमनी बोलावून ड्रॉवर उघडून दाखवला. त्यांनी पडद्याला लॅमिनेशन करून घेतलंय. म्हणाल्या, महत्त्वाचा कागद आहे, ओल लागली, चहा सांडला तर? दहावीचं सर्टिफिकेट, आधार, मुलीची पत्रिका, मी सगळं लॅमिनेट करून ठेवते. वरच्या कोपऱ्यात त्यांनी हळदकुंकवाचं बोटही लावलंय.

आधी जरा खटकलं. पण विचार केल्यावर पटलं. एक पडदा लॅमिनेट आणि दुसरा साधा, हे जोडीला शोभणार नाही. संध्याकाळी किलवणी नाक्यावरच्या दुकानात माझाही करून घेतला. दुकानदार म्हणाला, सर, इसमें तो कुछ लिखा ही नहीं है. मी गूढ हसलो.

आता सुरक्षितता दुप्पट.

२८ जानेवारी, मंगळवार

माझा पडदा थोडा फुगलाय. मशीनच्या गरमीनं प्लास्टिक आतून ओढलं गेलं असावं. भाजलेल्या पापडासारखा एका बाजूनं वर आलाय. काळजीचं कारण नाही. शब्दकोशाखाली ठेवला. शब्दकोश काढला की पुन्हा वर येतो.

३० जानेवारी, गुरुवार

मॅडमचा पडदा कोणत्या बाजूनं फुगलाय ते बघायला हवं. बघता येत नाही. तत्त्व आड येतं.

जेवताना वैशाली म्हणाली, एकदा दोन्ही लावून बघा की. डब्याचं झाकणसुद्धा आपण दुकानातच लावून बघतो. मी म्हणालो, आधी बघितलं तर पासवर्ड मला कळेल, आणि मला कळला तर गुप्त राहिला नाही. तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, अहो, तुम्ही पेपर जपताय की स्वतःला? या प्रश्नाचा क्रिप्टोग्राफीशी संबंध नव्हता, म्हणून उत्तर दिलं नाही. 

१ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं, मॅडमकडे जाऊन स्पष्ट सांगायचं: एकदा चाचणी घेऊ. वाक्य आरशासमोर बोलून पाहिलं. फार साधं वाक्य आहे.

केबिनमध्ये गेलो. मॅडमनी विचारलं, सगळं ठीक ना? सोमवारी काही गडबड नको, आधीच गेल्या वर्षीचं अजून लोक बोलतात. मी म्हणालो, मॅडम, शंभर टक्के. मग म्हणालो, चहा छान झालाय. चहा अजून आलेला नव्हता.

बाहेर आल्यावर हात ओले होते. सिल्वासात यंदा थंडी लवकर संपली.

३ फेब्रुवारी, सोमवार. परीक्षा

सकाळी ९.४०. शाळेत. आंघोळ करून, देवाला नमस्कार करून आलोय. पेपर अकरा वाजता. वीस मिनिटांत उघडेल, अर्ध्या तासात छापून होईल. वेळच वेळ.

१०.०५. मॅडमच्या केबिनमध्ये दोन्ही पडदे एकत्र धरले. करडं. नुसतं करडं.

१०.१५. बाजू उलटी होती. वरची बाजू कळावी म्हणून मी समासात खूण केली होती, ती किलवणी नाक्यावरच्या दुकानदारानं कड सरळ करताना कापली. सुलटं केल्यावर डावीकडे चार अक्षरं दिसली. पुढे करडं. माझा पडदा बाहेर फुगलाय, मॅडमचा आत. मधून दाबला की कडा सुटतात, कडा दाबल्या की मधलं जातं.

१०.२५. मॅडम एक टोक, भावेशभाई दुसरं टोक, मी मधे. भावेशभाई म्हणाले, साहेब, इस्त्री करीए? मॅडम म्हणाल्या, नको. मी करावी म्हणत होतो.

१०.३५. पाचवं अक्षर बहुतेक आठचा आकडा. किंवा बी. पुढची तीन काहीही असू शकतील, अंदाजानं धरली. दोन्ही टाकून बघितले. चुकीचा पासवर्ड. पुन्हा चुकीचा पासवर्ड. खिडकीतून पोरं रांगेनं हॉलमध्ये जाताना दिसतात.  हे कंत्राट गेलं तर खोलीचं भाडं, वैशालीची फॅक्टरीतली नोकरी एकटी किती ओढणार, गावी काय सांगणार, सगळं एकदम डोक्यात आलं. मॅडमना म्हणालो, पाच मिनिटं. 

१०.४०. मॅडमनी घड्याळ पाहिलं. पडद्याचं टोक सोडलं. प्रसाद सरांना हाक मारली. त्यांनी कपाट उघडलं आणि लाल लाखेचं सील असलेलं जाड पाकीट काढलं. छापलेले पेपर. दरवर्षीसारखे.

११.००. घंटा झाली. पेपर सुरू झाला. मी केबिनमध्ये दोन पडदे हातात धरून उभा होतो. भावेशभाईंनी पाणी आणून दिलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला. निष्कर्ष पुढीलप्रमाणे.

पद्धत निर्दोष आहे. दोष लॅमिनेशनचा.

प्रसाद सरांनी फाइल पुसण्याआधीच पेपर छापून कपाटात ठेवले होते, म्हणजे नियम त्यांनी मोडला. पण मोठ्या मनानं मी त्यांना काही बोललो नाही. ते मला बघून म्हणाले, सर, जाऊ द्या. मीही म्हणालो, जाऊ द्या. खरं तर राखीव प्रत ठेवायला मीच सुचवणार होतो.

आणि मुख्य मुद्दा: पेपर फुटला नाही. उद्देश सफल.

वैशालीनं दोन्ही पडदे मागितले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट गॅसवर येतं, तिथे लावते म्हणाली. देऊन टाकले. तिनं आधी ते गादीखाली दाबून ठेवलेत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शाळेनं लॅमिनेशनचं मशीन घेतलं. माझ्याकडे सोपवलं. विद्यार्थ्यांची ओळखपत्रं, वेळापत्रकं, सुविचार. तांत्रिक माणसाशिवाय हे मशीन कुणाच्या हाती देणं धोक्याचं आहे, हे मॅडमनी ओळखलं.

वापीच्या अर्जाची मुदत गेली. बरंच झालं.

२८ मार्च, शुक्रवार

कंत्राटाचा आदेश आला. आणखी एक वर्ष. मॅडमनी शिफारस केली. मी घरी पेढे घेऊन गेलो. आदेशात शेवटी एक ओळ आहे, की संबंधितांना परीक्षाविषयक सर्व कामांतून मुक्त ठेवण्यात यावे. वैशालीनं ती ओळ दोनदा वाचली. मी तिला सांगितलं, कामाचा ताण कमी केलाय माझा. ती म्हणाली, हं.

बघ म्हटलं, ज्याच्यावर विश्वास असतो त्यालाच पुन्हा ठेवतात.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, झोपून उठलो. चारच्या सुमारास चहाला स्वयंपाकघरात गेलो तर वैशालीनं खिडकीवर लावलेले पडदे सपाट होऊन एकमेकांवर घट्ट बसलेले. काचेला चारी बाजूंनी चिकटपट्टी. मागून ऊन. आणि मधोमध, ठळक, पूर्ण पासवर्ड. सगळी आठ अक्षरं. पाचवं बी होतं.

ओरडलोच. वैशाली धावत आली. मी म्हणालो, बघ, बघ, चाललं. पद्धत चालली. ती म्हणाली, छान. खरंच आनंदानं म्हणाली. लॅपटॉप आणून तिथेच ओट्यावर ठेवला, पासवर्ड टाकला, आणि दोन महिन्यांहून जास्त बंद असलेली फाइल पहिल्या फटक्यात उघडली.

सराव परीक्षा, विषय गणित. वर्ष गेल्या वर्षीचं. प्रश्न पहिला: एक शिडी भिंतीला टेकवून ठेवली आहे.

पुन्हा वाचला. शिडी तीच. पेपर तोच. आख्ख्या किलवणी-खेरडीनं आधीच सोडवून पाहिलेला. प्रसाद सरांनी मला जपायला तो दिला, आणि मॅडमना ते ठाऊक होतं. पुसायला घुटमळले ते नाटक असेल. मनाला लावून घेऊ नका, ते यासाठी.

एखादी चूक झाली असेल. पेन ड्राइव्हवर दोन फाइली असतील. प्रसाद सर घाईत होते. असं पाच-सात वेळा मनात म्हणून पाहिलं. निळं टेबलक्लॉथ डोळ्यासमोरून जाईना. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. लॅपटॉप बंद केला.

वैशालीनं विचारलं, काय होतं फाइलमध्ये? मी म्हणालो, सांगता येणार नाही, गोपनीय आहे. तिनं चहा ओतला, माझ्यासमोर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, वापीच्या त्या शाळेची जाहिरात परत आलीय.

मी विचारलं, शेवटची तारीख कधी आहे?