मुर्दाड मनांचा अभ्यास

१८ मे, सकाळ

रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. मागच्या वेळी खंड पडला, त्याला पेन जबाबदार होतं. हे पेन बरं वाटतं.

नात येतेय. प्रणाली दहावीत झकास पास झाली. आजोबांवर गेली आहे. आता दोन वर्षं नीटचे क्लास, आणि क्लास इथे अमरावतीत, आपल्या राजापेठेतच, घरातून दिसतो. सीमाचा अकोटहून फोन आला की बाबा, आधी काही दिवस राहून पाहू द्या तिले, जमलं तं तुमच्याकडंच राहील, नाई तं होस्टेल पाहू. जमलं तर? तिवस्याच्या शाळेत उभी हयात मुख्याध्यापक म्हणून काढली, अख्खा तालुका वळणावर आणला, आणि माझी स्वतःची मुलगी मला 'जमलं तर' म्हणते.

बायको सत्यवती गेल्यापासून मागची खोली बंदच होती. झाडून घेतली. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. टेबल सरकवून खिडकीपाशी नेलं, मग परत भिंतीपाशी आणलं, मग खिडकीपाशी. हे सगळं एकटेपणा वाटतो म्हणून नव्हे. एकटेपणा रिकामटेकड्यांना वाटतो. मला पेपर असतो.

२१ मे

आली. नमस्कार वाकून केला. संस्कार शाबूत.

दुपारी चहा विचारायला गेलो तर पोरगी मोबाइलमध्ये बंदूक घेऊन धडाधड माणसं मारत होती. चेहऱ्यावर काही नाही. मधूनमधून चिवडा. मी विचारलं, यांनी तुझं काय बिघडवलं? म्हणाली की काही नाई आबा, मॅच हाये. माणसं मरतायत आणि हिची मॅच!

संस्काराबद्दल वर लिहिलेलं तूर्त मागे.

२२ मे

योगायोग पाहा. अकोल्याहून चंद्रभानचा फोन. माझा जुना विद्यार्थी, आता तिथल्या सुजाण पालक मंचाचा अध्यक्ष. ८ जूनला माझं व्याख्यान ठेवतो म्हणाला. विषय: 'मोबाइल गेम आणि मुर्दाड होणारी मनं'. सर, म्हणाला, तुमच्यासारखा हळव्या मनाचा वक्ता आमाले कुठं भेटते? मी आढेवेढे घेतले. पुरेसे घेण्याआधीच त्यानं 'ठरलं मग' म्हणून फोन ठेवला.

पुढे एखादा कारखानदार व्याख्यानाला बोलावेल, मग विद्यापीठ. पण आधी अभ्यास. नमुना तर घरातच आहे. खोटं रक्त पाहून पाहून खऱ्या रक्ताचं काही वाटेनासं होतं, हा माझा सिद्धांत. उद्यापासून शास्त्रीय निरीक्षण.

२४ मे

पहिलं निरीक्षण.

उन्हाळ्यात मी ओट्यावर गल्लीतल्या पोरांना पाढे शिकवतो. फुकट. हे 'फुकट' कोणाच्या लक्षात येत नाही. आज श्याम सतराच्या पाढ्यात अडकला. श्याम म्हणजे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या पार्बताबाईचा. रिवाजाप्रमाणे त्यालाच निंबाचा फोक, म्हणजे ओली छडी, तोडून आणायला पाठवलं. ज्याला खायचा त्यानंच आणायचा, ही माझी खास पद्धत. तिवस्यात शाळेसमोरचं निंबाचं झाड एका बाजूनं कायम बोडकं असायचं. श्यामनं बारीक फोक आणला, म्हणून जास्त दिले.

पार्बताबाई पालकावर पाणी मारता मारता म्हणाली की द्या गुरुजी अजून, घरी तं आयकतच नाई कोणाचं. याला म्हणतात सुजाण पालक.

प्रणाली दारात उभी होती. चेहरा पांढराफटक. जेवली नाही. विचारलं तर म्हणते, आबा, त्याच्या पोटरीवर वळ उठले न.

निष्कर्ष: गेममुळे भूक मरते.

२५ मे, रविवार

प्रयोग. मटणाच्या दुकानात प्रणालीला बरोबर नेलं. हेतू असा की खरं रक्त समोर आलं की तिचा चेहरा कोरा राहील आणि सिद्धांत सिद्ध होईल. दुकानाबाहेर बोकड बांधलेला होता. तिनं बोकडाकडे पाहिलं, बोकडानं तिच्याकडे. पुढचं तिनं पाहिलंच नाही. रस्ता ओलांडून नालीपाशी जाऊन ओकली. खाटीक म्हणाला की गुरुजी, लेकराले काहून आणता इथं?

निष्कर्ष: गेममुळे पोट कमजोर होतं. सिद्धांत जसाच्या तसा उभा आहे, फक्त जरा बाजूला सरकवावा लागला.

मटण उत्तम झालं. तिनं दहीभात खाल्ला.

२९ मे

शत्रूला आतून ओळखलं पाहिजे. गेम डाउनलोड केला. केवळ अभ्यास. नाव मागितलं, 'तिवसागुरुजी' दिलं.

विमानातून उडी मारली, जमिनीवर पाय टेकले आणि मेलो. निःशस्त्र माणसावर, तेही पाठीमागून! तक्रार कुठे करायची ते सापडेना. प्रणाली पोट धरून हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

३० मे

मेलो. मेलो. एकदा नदीत बुडालो. ती माझी चूक नव्हती, बटण छोटं आहे.

मग तिनं मला तिच्या टीममध्ये घेतलं. टीममध्ये एक मुलगी दर्यापूरची, एक नांदेडची. गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, रांगतो. कोणी येऊन उचललं तर जगतो. मी रांगत होतो. प्रणाली गोळ्यांतून पळत आली. घाबरू नका आबा, म्हणाली, मी आहो न उचलाले. आणि उचललं. नांदेडची ओरडत होती, आबांना कव्हर द्या, आबांना कव्हर द्या. मला आयुष्यात कोणी कव्हर दिलेलं नाही. स्टाफनं तर कधीच नाही.

दुपार अभ्यासात गेली. उद्या गेम डिलीट.

३१ मे

डिलीट केला नाही. अभ्यास अपुरा आहे.

आज पहिला माणूस मारला! असा ओरडलो की पार्बताबाई गाडी सोडून आली, काय झालं गुरुजी म्हणून. पाल दिसली, सांगितलं. नंतर दोघांनी आंबे खाल्ले, माठात पाणी भरलं, पुन्हा एक मॅच. घरात कोणाचा तरी आवाज असला की बरं वाटतं. कूलरचा सोडून.

२ जून

प्रणाली म्हणाली की आबा, श्यामले मारू नका न, मी शिकवीन त्याले. शिकव म्हटलं, हौस फिटेल. तिनं पाढ्याची मॅच लावली. बरोबर आलं की पॉइंट, चुकलं की रांगायचं, मग दुसऱ्यानं उत्तर सांगून उचलायचं. ओट्यावर नुसता धिंगाणा. संध्याकाळपर्यंत श्यामनं सतराचा पाढा न अडखळता म्हटला.

हा माझ्या आधीच्या फोकाचा परिणाम. औषध उशिरा लागू होतं एवढंच. तरी श्यामला एक दिला, विसरू नये म्हणून. प्रणाली आत निघून गेली. आज मॅच नाही म्हणाली.

निष्कर्ष: गेममुळे मुलं तुसडी होतात.

५ जून

सीमाचा फोन. म्हणाली की बाबा, प्रणाली म्हणते मले इथंच राहाचं हाये, खोली मस्त हाये, आबा लय मजेदार हायेत. मी ऐकू आलं नाही असं सांगून पुन्हा म्हणायला लावलं.

मग म्हणाली, फक्त ते पोराइले मारणं तेवढं थांबवा. मी म्हटलं, त्यात काय एवढं? तुलाही मिळालाच ना, कुठे काय झालं? तिकडून फोन कट झाला. अकोटला नेटवर्कचा त्रास आहे.

खिडकीला नवा पडदा घ्यायचा. कोणता रंग, ते प्रणालीला विचारायचं. भाषण पाठ झालं.

८ जून, रविवार. अकोला

व्याख्यान कमालीचं यशस्वी. तपशील ताजे आहेत तोवर लिहून काढतो.

हॉल भरलेला. प्रणाली माझ्याबरोबर आलेली, तिला पुढे बसवली. सीमा आणि जावई शेखरराव अकोटहून आलेले, मागच्या रांगेत. चंद्रभाननं परिचय करून दिला. म्हणाला की सरांनी मले एवढं झोडपलं, एवढं झोडपलं, की आजही निंबाचं झाड पाह्यलं का मी हात पाठीमागं घेतो. हॉल हसून हसून लोळला. मग सत्कार. शाल, नारळ, आणि जुन्या विद्यार्थ्यांतर्फे लाल रेशमी फीत बांधलेला निंबाचा फोक. डोळे भरून आले. एवढं प्रेम कोणत्या मास्तराच्या वाट्याला येतं?

भाषण रंगलं. 'खोटी हिंसा रोज पाहणाऱ्याला खऱ्या वेदनेची जाणीव उरत नाही', या वाक्याला टाळ्या पडल्या. तेवढ्यात सुचलं, नमुना समोर बसलाय तर दाखवावा. प्रणालीला मंचावर बोलावलं. माइक दिला. विचारलं, सांग यांना, माणसं मारताना तुला काही वाटतं का?

म्हणाली की गेममधी नाई वाटत आबा, ते खोटं हाये न, मॅच संपली का सगळे उठतात. तुमी श्यामले मारता तवा वाटते. तवा मले जेवण जात नाई.

माइक चालू होता. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

आता मंचावर वडीलधाऱ्यांना उलट बोलणं मी तिवस्यात खपवून घेतलं नाही, तर अकोल्यात कसं घेणार? हातात फोक होताच. तिच्या हातावर एकच दिला. फीत बांधलेलीच होती, ती सोडायला वेळ नव्हता. क्षणभर वाटलं, लोक काय म्हणतील. लोक काही म्हणाले नाहीत. पहिल्या रांगेतून आवाज आला, बरं केलं! चंद्रभान माइकवर म्हणाला की पाहा मंडळी, याले म्हणतात संस्कार. टाळ्या. मग आभार, मग चहा आणि आलूबोंडा. सभेच्या अध्यक्षांनी समारोपात सांगितलं की आजच्या पिढीची मनं दगड झाली आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आभार चालू असतानाच सीमा प्रणालीचा हात धरून बाहेर गेली. बाथरूमला गेल्या असतील असं वाटलं. चहा झाला तरी परतल्या नाहीत.

अमरावतीला एकटाच आलो. एसटीत बाजूची जागा मी शाल ठेवून धरली होती. कोणी विचारलं असतं तर रिकामी करून दिली असती.

१० जून

प्रणालीच्या रुसव्याचा फुगा फुटायला दोन दिवस पुरतात. मी स्वतःहून फोन करणार नाही.

फोन केला. बिझी.

११ जून

बिझी. पोरगी मोबाइलवर गेम खेळत असणार. पाहा, हेच मी म्हणत होतो.

पडदा आणला. आकाशी. तिला विचारायचं होतं, पण दुकानदार घाई करत होता.

१३ जून

शेखरराव बॅग न्यायला आले. चहा उभ्याउभ्याच घेतला. म्हणाले की मामाजी, होस्टेल घेतलं, क्लासच्या जवळ पडते म्हणून. होस्टेल आपल्या गल्लीपलीकडच्या गल्लीत आहे. माझं घर त्याहून जवळ पडतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनाही माहीत होतं.

सीमा कशी आहे विचारलं. म्हणाले की लहानपणचं कवापासून बोलली नव्हती, आता बोलून राहिली. काय बोलते ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ते गेल्यावर गेम उघडला. अपुरा अभ्यास पूर्ण करावा म्हणून. अनोळखी पोरांची टीम मिळाली. गोळी लागली. रांगत राहिलो. शेजारून एक जण पळत गेला, थांबला नाही. मी 'बाळा' अशी हाकही मारली. त्याला ऐकू गेली नसावी.

डिलीट केला.

२२ जून

चंद्रभानचा फोन. बुलढाण्यात तेच व्याख्यान करायचं आहे. प्रात्यक्षिकासकट करा म्हणाला, लोकाइले लय आवडलं. कंबर दुखते, सांगितलं.

ओट्यावरची पोरं येणं बंद झालंय. शाळा सुरू होतेय म्हणून. श्याम मात्र संध्याकाळी होस्टेलच्या गेटवर जातो, प्रणालीकडे पाढे विचारायला. पार्बताबाईनं सांगितलं. चांगलं आहे म्हटलं. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. कोथिंबीर न घेताच घरी आलो.

२९ जून, रविवार

होस्टेलवर गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून निघालो होतो. वळणदार, प्रेमळ, पण शिस्त न सोडणारं. जाताना जांभळं घेतली. पार्बताबाईनं मोठी मोठी निवडून दिली.

गेटच्या आत सिमेंटचं बाकडं आहे, पाहुण्यांसाठी. प्रणाली आली. वाकून नमस्कार केला. क्लास बरा आहे म्हणाली. फिजिक्स जड जातं. जेवण ठीक. मी म्हटलं, पडदा लावलाय. ती बरं म्हणाली. ठरवलेलं काही आठवेना. मग पुडा उघडला, त्यातलं सगळ्यात टपोरं जांभूळ बोटात धरलं आणि म्हटलं, हात पुढे कर.

तिनं केला. तळवा वर, कोपरातून सरळ ताठ. दुसरी मूठ घट्ट आवळलेली, मान वळवलेली, डोळे गच्च मिटलेले.

जांभूळ मी तळव्यावर ठेवलं. डोळे उघडायला तिला वेळ लागला.