एक इंच आखूड मधपेटी

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. नवी कवळी नीट बसली हे वाचून बरं वाटलं. ती बोलताना वाजते असं तुम्ही लिहिलंयत, पण मी म्हणते वाजू दे. तुम्ही कुठल्या खोलीतून येताय हे भाऊजींना आधीच कळेल (हे त्यांच्या फार उपयोगाचं आहे, असं त्यांनीच मला फोनवर हळू आवाजात सांगितलं). त्यांचा खोकला आता कसा आहे? आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. दोघं म्हणजे मी, आणि मध्यंतरीची सूज उतरल्यामुळे पुन्हा ओळखू येणारे तुमचे बंधू.

सूज कसली, ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलंय. तुम्ही थोरल्या. तुमचा शब्द ते पाळतात, निदान पाळल्यासारखं करतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. वाचून झालं की त्यांना चार शब्द सुनावा.

तुम्हाला माहीतच आहे, वजनमापं तपासण्याच्या खात्यात ह्यांनी पस्तीस वर्षं काढली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला लोखंडाचा तुकडा ह्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. निवृत्त झाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते चार महिने तिथेच. समोर पेपर उघडलेला, पान मात्र उलटायचं नाही. अहो, काय झालं, विचारलं की "काही नाही." चहा देऊ? "काही नाही." (ह्याचा अर्थ हो असा घ्यायचा, हे मला आठवडाभरानं कळलं.) तेव्हा तुम्हाला कळवलं नाही, उगीच तुमच्या जिवाला घोर नको म्हणून.

तर आमच्या मागच्या गल्लीत एक नर्सबाई राहतात. रुग्णालयातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी गच्चीवर मधमाश्यांच्या आठ पेट्या ठेवल्यात. मी ह्यांना ढकलूनच त्यांच्याकडे मध आणायला पाठवलं. अर्ध्या तासात येतील म्हटलं, तर दोन तासांनी आले, आणि जिन्यावरूनच बोलत आले. मध विसरले होते. नर्सबाई ह्यांना एका पेटीतल्या निम्म्या माश्या फुकट द्यायला तयार होत्या, पण पेटी, चौकटी, बुरखा, धूर करायचं यंत्र, सगळं आपलं आपण आणायचं आणि ते धड असायला हवं. "मोडक्या घरात मी माश्या देत नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. लग्न जुळवतानासुद्धा आपल्याकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं.

मग ह्यांनी सामानाचं किंमतपत्रक मिळवलं. दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "एवढ्यात मी घरी चार पेट्या करीन." वन्सं, ह्या माणसानं आमच्या उभ्या संसारात एकच खिळा ठोकलाय. त्यावर कॅलेंडर लावलं. आधी कॅलेंडर पडलं, मग खिळा पडला, मग भिंतीचा वीतभर गिलावा. पण चार महिन्यांनी माणूस आपण होऊन खुर्चीतून उठला होता. मी काय बोलणार? म्हटलं, करा.

काचेच्या दुकानाबाहेर रिकामी खोकी पडलेली असतात, ती ह्यांनी मागून आणली. फळ्या चांगल्या होत्या, फक्त प्रत्येकीवर लाल शाईत "जपून उचला" नाहीतर "उलटे ठेवू नये" छापलेलं. रंधा मारून अक्षरं जाईनात, उलट जास्तच उठून दिसायला लागली. ह्यांची पोलादी टेप गंजून आतल्या आत अडकली होती, म्हणून माझ्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप घेतली. दिवसभर मापं चालायची. चौकट आणि पेटीची भिंत ह्यांच्यात म्हणे अर्ध्या बोटाएवढीच फट हवी. जास्त झाली तर माश्या तिथे आडवंतिडवं पोळं बांधतात, कमी झाली तर सगळं डिंकासारखं चिकटवून टाकतात. हे मला ह्यांनी भाजी निवडताना सांगितलं, भांडी घासताना सांगितलं आणि मी आंघोळीला गेले तर दाराबाहेर उभं राहून सांगितलं. पेटी झाली. चौकटी झाल्या. चौकटी पेटीत सरकवून बघितल्या तर अगदी हव्या तेवढ्या फटीत बसल्या. ह्यांनी पेटीच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "पस्तीस वर्षं माप पाहिलंय, बाईसाहेब."

बुरख्याचं काम माझ्याकडे होतं. मी तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, तेव्हा बुरख्याबद्दल मला कुणी शिकवायला नको होतं. जुनी मच्छरदाणी घेतली, ह्यांच्या उन्हाच्या टोपीला चुण्या घालून शिवली. नर्सबाईंनी निरोप पाठवला होता की आत तारेचं कडं घाला. कडं घातलं की कापडाची पडण बिघडते, म्हणून मी घातलं नाही. (ही चूक माझी. पत्रात एकदाच कबूल करते.) घालून बघितला तर पांढऱ्या जाळीवर ऊन चमकून ह्यांना काहीच दिसेना. नर्सबाईंची जाळी काळी होती, म्हणून मी समोरच्या भागाला बुटाचं काळं पॉलिश चोळलं. दिसायला लागलं, पण ह्यांचं तोंड दोन दिवस कोळशाच्या वखारीतून आल्यासारखं होतं.

धूर करायचं यंत्र म्हणजे पत्र्याचा दुधाच्या पावडरीचा डबा, त्याला खिळ्यानं पाडलेली भोकं, पुढे नळी आणि मागे भाता. भाता केला ह्यांच्या ऑफिसच्या चामडी बॅगेचा. आत गोणपाट पेटवायचं, भाता दाबायचा की नळीतून थंड धूर येतो आणि माश्या शांत होतात. गोणपाट माळ्यावर होतंच.

रविवारी सकाळी नर्सबाई चार चौकटी भरून माश्या घेऊन आमच्या गच्चीवर आल्या. वन्सं, त्या चौकटींवर माश्या अशा दाटलेल्या की लाकूड दिसत नव्हतं. ह्यांनी बुरखा घातला, डबा पेटवला, दोनदा भाता दाबला आणि मला पहिली शिंक आली. मग नर्सबाईंना ठसका लागला. मग खालच्या मजल्यावरचे वकील खोकत जिन्यात आले आणि आग कुठे लागली म्हणून विचारायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते पोतं सुक्या मिरच्यांचं होतं. वकिलांना बोलता येत नाही असं मी प्रथमच पाहिलं. आम्ही तिघं डोळे पुसत होतो, आणि माश्या शांत व्हायच्या सोडून चवताळून उठल्या. एक नेमकी जाळीवर बसली, आणि जाळी, कडं नसल्यामुळे, ह्यांच्या नाकाला टेकलेली होती.

ह्यांनी ओरडायलासुद्धा तोंड उघडलं नाही, कारण एव्हाना दोन्ही हातांत भरलेली चौकट होती. नर्सबाईंनी डबा पायानं लांब सारला, बुरख्यात हात घालून नखानं काटा खरवडून काढला ("चिमटीत धरायचा नाही, विष आत जातं," हे मला शिकवलं तेही त्याच वेळी) आणि म्हणाल्या, "आता चौकट आत ठेवा."

"जात नाही," हे म्हणाले.

"तिरकी धरलीय तुम्ही."

"सरळच धरलीय. जात नाही."

नर्सबाईंनी स्वतः धरून पाहिली. चौकटीचं एक टोक पेटीच्या काठावर टेकलं आणि दुसरं टोक बाहेर राहिलं. त्यांची चौकट आमच्या पेटीपेक्षा बरोबर एक इंच लांब होती. हे म्हणाले, माझं माप बरोबर आहे, तुमचीच चौकट मोठी असणार. नर्सबाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या आठही पेट्या त्याच मापाच्या होत्या, आणि जगातल्या बाकीच्याही.

आणि मला एकदम आठवलं. वन्सं, माझ्या टेपचं टोक मागे कधीतरी विरलं होतं, ते मी कात्रीनं कापून टाकलं होतं. पहिला इंच त्या टेपवर नाहीच. शिवताना मी आपली सवयीनं एक वाढवून धरते. ह्यांना सांगायचं राहून गेलं. ह्यांनी पेटी आणि चौकटी एकाच टेपनं मोजल्या, म्हणून आपसात त्या छान बसल्या. अख्ख्या जगाशी तेवढ्या जुळल्या नाहीत.

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. नर्सबाई म्हणाल्या, "असू द्या. मी माश्या परत नेते. पेटी दुरुस्त झाली की बघू. पुढच्या हंगामात." त्यांनी हात पुढे केला, ह्यांनी चौकट देऊन टाकली. मी विचारलं, अहो, लागलं का फार? तर बुरख्याआडून इतकंच म्हणाले, "काही नाही."

पुढचा हंगाम म्हणजे आणखी किती महिने त्या खुर्चीत! मी नर्सबाईंना म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आणि धावत खाली गेले. माझ्या शिलाई मशीनवरचं जुनं लाकडी झाकण आठवतंय ना, घुमटासारखं? ते उचलून वर आणलं, उलटं केलं, डुलू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा लावल्या. चौकटी आत सोडल्या तर काठांवर टेकून अलगद लोंबकळल्या. वर फळी ठेवली. झाकणाचं कुलूप कधीच निखळलंय, तिथे किल्लीचं भोक उरलंय. पाच मिनिटांत एक माशी त्या भोकातून बाहेर आली, दाराशी उभी राहून तिनं आजूबाजूला पाहिलं आणि पुन्हा आत गेली. नर्सबाईंनी बराच वेळ ते भोक न्याहाळलं. "तीन दिवस," त्या म्हणाल्या. "चौथ्या दिवशी धड पेटी दिसली नाही तर मी येऊन नेणार."

ह्यांनी त्याच दुपारी आपली आखूड पेटी सुटी केली. नाक टोमॅटोएवढं, एक डोळा बंद. पेटी इंचभर वाढवायची तर दोन्ही लांब बाजूंच्या टोकाला इंच-इंच रुंदीची उभी पट्टी जोडायला हवी, आणि खोक्यांचं लाकूड संपलेलं. घरभर फिरले. मग खुर्चीवर चढले आणि भिंतीवरची मीटरपट्टी काढली. निरोपाच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी दिलेली, दोन्ही टोकांना पितळ, पाठीवर सगळ्यांच्या सह्या. मी म्हटलं, अहो, ती नको, मी कुठूनतरी पट्टी आणते. ह्यांनी ती रुंदीत मोजली. चांगली इंचभर भरली. "ह्या घरात हे एकच माप खरं आहे," असं म्हणाले आणि करवत लावली. माझ्याकडे न बघता म्हणाले, पण हसत होते. (सुजेमुळे खात्री देता येत नाही.)

तळ आणि झाकण तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून वाढवलं. तिसऱ्या दिवशी माश्या नव्या पेटीत गेल्या. ह्या वेळी धुराला वाळका पाला होता आणि बुरख्यात माझ्या भरतकामाचं कडं. पेटी आता अशी दिसते: पुढे "उलटे ठेवू नये", मागे "जपून उचला", एका कोपऱ्यावर बारा ते चाळीसपर्यंत आकडे आणि दुसऱ्यावर हेडक्लार्कची सही. नर्सबाई तीन आठवड्यांनी तपासायला आल्या. प्रत्येक चौकट काढून बघितली, राणी शोधली, अंडी बघितली, फटींतून नखं फिरवली. हे शेजारी असे उभे होते, जसे पूर्वी दुकानदार ह्यांच्यासमोर उभे राहायचे. शेवटी त्या म्हणाल्या, "इतकी कुरूप पेटी मी पाहिलेली नाही. माश्या मात्र सुखात आहेत." आणि जाताना ह्यांना विचारून गेल्या, की त्यांची एक चौकट सांध्यात ढिली झालीय, वेळ असला तर बघाल का.

झालं! त्या दिवसापासून ह्यांना वेळच नाही. गॅलरीत भुसा, बेसिनमध्ये डिंक, जेवताना राणीमाशी. परवा माझी पोळ्या उलटायची सपाट उलथणी नाहीशी झाली, तर ती वाकवून चौकटी उचकटायची पहार केलेली. खिडकीजवळच्या खुर्चीचे तर पायच कापून पेटीचा चौरंग केलाय. आता तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणायचं? एक कडक पत्र लिहा त्यांना. तुमचं अक्षर बघूनच ते सरळ होतील.

भाऊजींना नमस्कार सांगा. प्रकृतीला जपा. चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमची धाकटी भावजय

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. कडक पत्र इतक्यात नका लिहू. एखादं साधंच लिहा, पेटी छान झाली असं.

ता. क. २. ह्यांनी दुसरी पेटीही करायला घेतलीय. ती कुणी सांगितली, असं तुम्ही विचाराल. मीच. पण त्यात ह्यांचा काही दोष नाही.

ता. क. ३. मुख्य गोष्ट राहिलीच. पहिला मध तयार आहे. चौकटी गरगर फिरवून तो बाहेर काढायला यंत्र लागतं. ते विकत घेण्यासारखं नाही, पण नर्सबाई म्हणतात, न गंजणारा ड्रम मिळाला तर घरी करता येतं, कपडे धुवायच्या मशीनमध्ये असतो तसा. तुमचं मशीन आता चार वर्षांचं झालं, आणि सुरू झालं की फार आवाज करतं, असं तुम्हीच दिवाणखान्यात बसून म्हणाला होतात. टेम्पोवाला गुरुवारी सकाळी तुमच्याकडे पोचेल. आतले कपडे तेवढे काढून ठेवा.