सुहासची लाइन

३ नोव्हें., सोम.
दुकानाचे मालक आप्पा, त्यांनी आज काम माझ्यावर टाकलं. निपाणीचं मुख्य दुकान आणि संकेश्वरची शाखा, दोन्हीकडचे फोन इंटरनेटवर घ्यायचे. ठिबकच्या सामानाच्या ऑर्डरी सगळ्या फोनवरच येतात. "बोलता बोलता फोन तुटला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय, पोरी. एवढं बघ." फायबर गल्लीच्या तोंडाशी अडकलंय, रस्ता खोदायची परवानगी नाही. म्हणजे पर्याय दोनच: तांब्याच्या तारेवरची बिझनेस डीएसएल, नाहीतर टॉवरवरून येणारी वायरलेस.
डीएसएलचं कोटेशन दुपारी आलं. खाली सही सुहासची.
चहा घेतला. कोटेशन फाइलला लावलं.

४ नोव्हें., मंगळ.
लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही. बेळगावात सु.कडे नोकरीला होते. एका हॉस्पिटलच्या फोनसाठी त्यानं घरगुती प्लॅनची लाइन घेतली. बाहेर जाणारा वेग एवढ्या फोनांना पुरणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. "चालतंय गं." फोन सुरू झाले आणि आवाज तुटायला लागला. हॉस्पिटलच्या लोकांसमोर म्हणाला, "पोरगी नवी हाय, तिनं सेटिंग बिघडवलं." मी त्याच खोलीत उभी होते. नंतर बेळगावात जिथे मुलाखतीला गेले, तिथे ही गोष्ट माझ्याआधी पोचलेली.
आई बेळगुंदीत अजून सांगते, पोरीनं नोकरी स्वतःच सोडली.

६ नोव्हें., गुरु.
दोन्ही लाइनी चाचणीपुरत्या बसवल्या. सु.चा माणूस आला होता. मी इथे आहे हे सु.ला माहीत नाही.
दिवसा डीएसएल स्वच्छ. सांगितलेला वेग दोन्ही बाजूंनी मिळतो, आवाजाचे तुकडे वेळेवर आणि ओळीनं पोचतात. वायरलेस दुपारी मान टाकते. टॉवरच्या भागातली वीज गेली की संपलं.
संध्याकाळी उलटं. घरोघरी सिनेमे सुरू होतात, टेलिफोन एक्स्चेंजच्या पुढचा इंटरनेटचा रस्ता भरतो, डीएसएलवरचा आवाज फाटतो. वायरलेस तेव्हा ठीक.
आप्पांचं घर जैनांचं. सूर्य मावळायच्या आत जेवण, दुकान त्याच्याही आधी बंद. संध्याकाळी इथे फोन वाजतच नाही.
म्हणजे उत्तर सरळ आहे. सु.ची लाइन.

७ नोव्हें., शुक्र.
अहवालासाठी चाचणीची वेळ: सायं. ७ ते ९.
दुकानाची किल्ली भ.अण्णांकडून घेतली (भरतेश, आप्पांचा मुलगा). "एवढ्या उशिरा कशाला?"
"गर्दीच्या वेळी बघायला लागतं."
खोटं नाही. कुणीही हेच सांगेल. एकही आकडा बदलणार नाही. बदलायची गरजच नाही.

१० नोव्हें., सोम.
अहवाल दिला. आप्पांनी आलेख चष्म्याजवळ धरला, लांब धरला, खाली ठेवला.
"म्हंजे सुहास नापास?"
"या चाचणीत, होय."
"तू म्हणतीस म्हंजे झालं."
विचारतील असं वाटलं होतं. उत्तरही तयार होतं. विचारलं नाही.
नकाराचा मेल मीच पाठवला, अहवाल जोडून, खाली माझं पूर्ण नाव. शेजारच्या दोन दुकानदारांनाही सु.नं कोटेशन दिलंय. त्यांनी अहवालाची प्रत मागितली. दिली.
बऱ्याच दिवसांनी जेवणाला चव लागली.

१२ नोव्हें., बुध.
सु. आला. वजन वाढलंय. हातात माझा अहवाल.
"स्नेहल. तूच व्हय."
मी मान हलवली. तो आप्पांकडे वळला.
"आप्पा, मी बी चिकोडीकडचा, तुमच्यातलाच. सात वाजता तुमच्यात फोन कोण उचलतंय सांगा की. तवर भांडी घासून पालथी पडलेली असत्यात."
भ.अण्णा हसले. आप्पा नाही.
"दुपारचे आकडे मागा हिच्याकडं," सु. म्हणाला. "बेळगावात बी हिनं असंच केलतं."
आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "संध्याकाळची चाचणी मुद्दाम घेतलीस?"
"होय."
"का गं?"
सांगितलं. हॉस्पिटल, प्लॅन, तो काय बोलला, कुणासमोर बोलला. आवाज चढवला नाही. सु. म्हणाला, "धंद्यात असतंय आप्पा. कुणीतरी अंगावर घ्यायला लागतंय." नाकारलं नाही. एवढं मिळालं.
"लाइन कुणाची चांगली?" आप्पा.
"दिवसा याची."
"आणि माणूस?"
"तुम्ही लाइनीचं विचारलं होतं."
मग आप्पा: "लाइन याचीच घ्यायची. करार तू लिही." सु.च्या तोंडावर हसू आलं. आप्पा मला म्हणाले, हळूच, "आणि तुझं भांडण माझ्या धंद्यावर परत खेळायचं न्हाय."
कान अजून गरम आहेत.

१३ नोव्हें., गुरु.
दुपारच्या आकड्यांसह नवा अहवाल. शेजारच्या दोघांनाही मीच नेऊन दिला. आप्पांनी तसं सांगितलं होतं. एकानं विचारलं, "मग आधीचं काय हुतं?" म्हटलं, ते संध्याकाळचं होतं.

१४ नोव्हें., शुक्र.
करार झाला. एक कलम माझं. लाइन बंद पडली तर सु.नं त्याच दिवशी स्वतः यायचं, माणूस पाठवायचा नाही. आणि बिघाड कशानं झाला, ते दुकानात सगळ्यांसमोर सांगून जायचं.
"असलं कलम कुठल्या करारात असतंय?"
"या करारात."
आप्पांनी वाचलं, परत वाचलं. सु.नं सही केली. शेजारची दोन्ही दुकानं त्याला हवी आहेत, आणि ती दोघं आमच्याकडे बघून ठरवणार.
आता वाट बघायची. लाइन चांगली आहे, हाच त्रास.

२५ नोव्हें., मंगळ.
दुपारच्या जेवणानंतर फोन बंद. करारात आहे तसं सु.ला कळवलं. "निघतोय," म्हणाला आणि फोन ठेवला. शेजारचे दोघे आमच्या पायरीवर येऊन बसले. आप्पांनी त्यांच्यासाठी चहा सांगितला.
मग मी मागच्या खोलीत गेले. राउटरची पिन बाहेर. त्या जागी सुशीलाक्कांचा मोबाइल चार्जिंगला. आक्का दुकान झाडतात, त्यांना काय माहीत. पिन बसवली. फोन लगेच सुरू, संकेश्वरशी बोलले, आवाज स्वच्छ. धंद्याचं नुकसान नाही.
लाइन बंद पडलीच नव्हती. हे सु.ला कळवायला एक फोन पुरे. तो बेळगावहून येतोय, अजून हायवेवर असेल. कळवलं नाही, तर तो इथे पोचेल आणि त्याला चालू लाइन सापडेल. बिघाड सापडणार नाही. पायरीवरच्या दोघांना तो काय सांगेल, ते बघायचंय मला. हॉस्पिटलच्या त्या खोलीत मला जसं काही सांगता आलं नव्हतं, तसंच त्यालाही.
"माझ्यानं झालं, आप्पास्नी सांगू व्हय?" आक्कांनी विचारलं.
म्हटलं, थांबा जरा.
त्या थांबल्यात. झाडू भिंतीला टेकवून, पदराला हात पुसत, मी लिहितेय त्याकडे बघत.