ताईचे पाय

ता. ४

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव.

पत्र लिहायचं कारण असं. गेल्या आठवड्यात आमच्या बाइंडिंगच्या दुकानात एक वयस्कर गिऱ्हाईक आलं. आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक ऑर्गन दुरुस्त केलेला माणूस. स्वरलिपीच्या सुट्या कागदांचा गठ्ठा बांधायला आणला होता. बोलता बोलता मी आपल्या घरच्या ऑर्गनचं सांगितलं, तर म्हणाले, शनिवार-रविवार ऑर्गनवेड्यांचा मेळावा आहे, तुम्हीही या. एका शाळेच्या सभागृहात दोन दिवस नुसते ऑर्गन. ज्याला हवं त्याने वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

ताई, मी नाव दिलं आहे. आपल्या अण्णांची संध्याकाळची प्रार्थना वाजवणार. पण तुला ठाऊक आहे, मला फक्त हातांचं येतं. खालच्या पायपट्ट्या तुझ्या होत्या. मी सात वर्षांचा, माझे पाय पोचायचे नाहीत, म्हणून तू डावीकडे बसून खर्जाचे सूर पायांनी धरायचीस आणि मी उजवीकडून वरचं वाजवायचो. पुढे पाय पोचले, पण तिथे ठेवायला मन झालं नाही.

तू येशील का? तुझी भावजय म्हणते, विचारून तर बघा, फार तर रागावतील.

तुझ्या रागासकट तुझाच,
धाकटा

ता. ९

चि. बुटक्यास,

पन्नाशीला टेकलास तरी मला तू बुटक्याच. अनेक आशीर्वाद.

भावजयीला सांग, रागावले नाही. पण येणारही नाही. शाळेचं सभागृह म्हटलं की मला ती स्पर्धा आठवते. पंधरा वर्षांची होते, अण्णांनी हौसेने नेलं होतं. नवाकोरा ऑर्गन, समोर खच्चून माणसं, आणि मी दुसऱ्या ओळीतच घसरले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. लोक हसले त्याचं काही नाही, लोक कशालाही हसतात. पण परीक्षक अण्णांना म्हणाले, मुलीला कान नाही, उगाच कष्ट घेऊ नका. अण्णांनी मान खाली घातली. ती मान मला अजून दिसते. त्या दिवसापासून माझ्या पायांना शिलाई मशीन बरं. ते चुकलं तर उसवता येतं.

तू जा. हातांचंच वाजव, तेवढं पुरे आहे. डबा घेऊन जा, तुला बाहेरचं सोसत नाही. आणि लोकांच्या वाजवण्यावर मान डोलावताना डोळे मिटू नकोस, झोपलास असं वाटतं.

आशीर्वाद द्यायला बसलेली,
ताई

ता. १९

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र तुझ्या शिवणाच्या दुकानात वाचू नकोस. घरी गेल्यावर, बसून वाच.

मेळावा फार छान झाला. नऊ ऑर्गन मांडले होते. सकाळी सगळ्यांनी एकदम बटणं दाबली आणि अख्ख्या शाळेची वीज गेली. त्यावर कुणी वैतागलं नाही, सगळ्यांनी आपापले डबे काढले. एक निवृत्त टपालवाल्या बाई आहेत, त्यांचे ऑर्गन वाजवायचे बूट वेगळे, पिशवीतून जपून आणतात. एक दातांचे डॉक्टर आहेत, ते प्रत्येक गाण्यामागे ढोलाचा ठेका लावतात, अंगाईलासुद्धा. मी डोळे मिटले नाहीत, एकदाच मिटले.

रविवारी माझी पाळी आली. हातांनी वाजवून झालं, तेव्हा दुरुस्तीवाले काका म्हणाले, खालचं घर रिकामं ठेवलंत, पायही टाकून बघा. मी म्हणालो, शिकलोच नाही. पण मग लक्षात आलं, की मला ते सगळं दिसतं आहे. लहानपणी माझे पाय लोंबकळत असत आणि नजर तुझ्या पायांवर. दुसरं बघायला होतंच काय? तुझा डावा अंगठा कुठे जायचा, टाच कुठे टेकायची, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी तसेच पाय टाकले.

पहिली ओळ सुंदर झाली. दुसऱ्या ओळीत सूर घसरला. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच. ताई, ती तुझीच जागा होती.

काका हसले नाहीत. दोन्ही वेळा तेच दोन सूर उलटे पडलेले ऐकून त्यांनी विचारलं, घरचा ऑर्गन कुणी उघडला होता का. मी म्हणालो, आमचे वडील घड्याळजी, मोडका ऑर्गन आणून त्यांनीच जोडला होता. काका म्हणाले, मग घरी जाऊन पाचवी आणि आठवी पायपट्टी बघा.

घरी आलो आणि हातपाय धुण्याआधी मागची फळी काढली. दोन वायरी एकमेकींच्या जागी आहेत. पाचवी दाबली की आठवीचा सूर, आठवी दाबली की पाचवीचा. आणि तिथेच मेणकागदात गुंडाळलेली चिठ्ठी होती. अण्णांचं मुंगीएवढं अक्षर: "पाचवी-आठवी उलट जोडली गेली. पोरीचा पाय बसला आहे. सुलटी करू नये." तारीख स्पर्धेच्या आदल्या वर्षाची आहे.

तुला कळवावं की नाही, यात तीन दिवस गेले. अण्णांचं झाकलेलं मी का उघडावं? प्रार्थनेला बसलो तरी मन त्या चिठ्ठीपाशीच. शेवटी वाटलं, बहिणीपासून खरं लपवून केलेली प्रार्थना छतापर्यंतही जात नसेल.

ताई, तुला कान होता. तू पट्टी बघून नाही, सूर ऐकून पाय टाकायला शिकलीस, म्हणून तर आपल्या घरी कधी चुकली नाहीस आणि स्पर्धेच्या सरळ जोडलेल्या ऑर्गनवर चुकलीस. चुकलं ते लाकडाच्या आत होतं.

काका एखाद्या रविवारी येऊन वायरी सुलट्या करून देतो म्हणतात. पण पाय तुझे, म्हणून विचारतो. करू?

उत्तराची वाट बघणारा,
धाकटा

ता. २७

चि. बुटक्यास,

आशीर्वाद. पत्र दुकानातच वाचलं. बसून वाच म्हणालास, तर मशीनवर बसूनच असते की मी. नंतर एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

दोन दिवस अण्णांवर इतकी रागावले होते, की त्यांच्या फोटोकडे पाठ करून जेवले. माझ्या पायाची सवय मोडू नये म्हणून वायर तशी ठेवली, इथवर कळतं. पण परीक्षक बोलले तेव्हा तरी तोंड उघडायचं. एक वाक्य. एवढी वर्षं मी स्वतःला बहिरी समजत होते रे.

तिसऱ्या दिवशी एक आठवलं. स्पर्धेहून परतताना बसथांब्यावर अण्णा एकदम खाली बसले आणि माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला लागले. नाड्या बांधलेल्याच होत्या. त्यांनी सोडल्या, पुन्हा बांधल्या, पुन्हा सोडल्या. बस आली आणि गेली. मी लाजून म्हटलं, अण्णा, लोक बघतात. तेव्हा उठले. मला वाटलं होतं, माझ्यामुळे त्यांना तोंड वर करवत नाही. आता वाटतं, सांगायचंच होतं त्यांना, पण शब्द सापडेनात.

पूर्ण माफ केलं असं म्हणणार नाही. फोटोकडे तोंड करून जेवते, इतपत झालं आहे.

वायरींना हात लावू देऊ नकोस. काकांना चहा पाज आणि परत पाठव. माझ्या दुकानात एका मशीनचं चाक पुढे फिरतं, एकाचं मागे, आणि मी दोन्हींवर शिवते. घरच्या ऑर्गनवर घरचे पाय, बाहेरच्यासाठी बाहेरचे शिकून घेईन. पुढच्या मेळाव्याला माझं नाव दे. त्या टपालवाल्या बाईंना बूट कुठे मिळतात तेही विचारून ठेव.

रविवारी सकाळी येते. चिठ्ठी होती तिथेच ठेव, मला माझ्या हाताने काढायची आहे. मग प्रार्थना वाजवू. आता तुझे पाय पोचतात, तरी ते मागे घे आणि उजवीकडे सरकून बस.

लोभ आहेच, बाकावर जागा तेवढी ठेव.

तुझी,
ताई