म्हातारपण : चार क्रेडिट

३ ऑगस्ट
कॉलेजात मायनरचा, म्हणजे जोडविषयाचा, फॉर्म भरला. वार्धक्यशास्त्र, चार क्रेडिट. मित्र म्हणाला, संगीत घे. नको. संगीतात गावं लागतं. म्हातारं व्हायला काहीच करावं लागत नाही, माणूस आपोआप होतो. शिवाय आजोबा सहा वर्षं माझ्याच खोलीत आहेत. या विषयात मला शिकवण्यासारखं कुणाकडे काही उरलं असेल असं वाटत नाही.
संकल्प : वर्गात पहिला.

५ ऑगस्ट, सकाळी ६.१०
उठलो नाही, उठवला गेलो. आजोबांचं खाकरणं. एकोणीस वेळा. मग बेसिनमध्ये जे काय ते. मग ग्लासातली कवळी. आणि माझा ब्रश त्या ग्लासाला टेकलेला! शी! शी! शी!
आईकडे तक्रार केली. म्हणाली, तुझी दुपटी त्यांनीच धुतली. इथे काय संबंध? तेव्हा माझी संमती कुणी घेतली होती?

१२ ऑगस्ट
बाईंनी प्रोजेक्ट दिला. एका वृद्ध व्यक्तीशी बारा तास बोलायचं. नात्यातली चालणार नाही. म्हणजे घरचं आयतं मटेरियल फुकट गेलं.
पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. टिपणं तीन रंगांत काढते. तिला कुणी म्हातारं मिळेना. मी मोठ्या मनाने आजोबा देऊन टाकले. ती दर गुरुवारी घरी येणार. आजोबा अर्ध्या तासात पेंगतात. पुढे तिला माझ्याशीच बोलावं लागेल. याला म्हणतात नियोजन.

१९ ऑगस्ट
वृद्धाश्रम. फिनेल, उकडलेली भाजी आणि आणखी काहीतरी, असा वास. मला मिळाल्या एक निवृत्त नर्सबाई, वय एकोणऐंशी. प्रश्न क्रमांक एक विचारत होतो, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांची कवळी सूपमध्ये पडली. त्यांनी ती चमच्याने काढली, चाटली आणि परत बसवली.
मला उलटी झाली. जागच्या जागी. वहीवर.
नर्सबाईंनी माझं कपाळ धरलं, तोंड पुसलं, फरशीही पुसली. म्हणाल्या, होतं बाळा असं. मला दया दाखवलेली आवडत नाही. शिवाय दोष कँटीनच्या सँडविचचा होता.

२२ ऑगस्ट
गुरुवार. मुलगी चारला आली. आजोबा पेंगले नाहीत. सातपर्यंत बोलत होते! आमच्या घरात त्यांनी सहा वर्षांत एवढे शब्द वापरले नसतील. मी दोनदा पाणी नेऊन दिलं. तिने ग्लास घेतला, पण मान वर केली नाही.

९ सप्टेंबर
वृद्धाश्रमात पुन्हा जाणं शास्त्रीयदृष्ट्या अनावश्यक. म्हातारे सगळीकडे सारखेच. उरलेल्या दहा तासांची मुलाखत घरी बसून लिहिली. नर्सबाईंच्या तोंडी एकटेपणा, संध्याछाया वगैरे घातलं. शेवटचं वाक्य मी स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं.

३० सप्टेंबर
बाईंनी नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मुलगा गुणी आहे, दोन तास होता, त्यातला अर्धा तास मी त्याला पाणी पाजत होते. एकटेपणाबद्दल विचारलं तर हसल्या म्हणे. आमच्याकडे एकटं राहायला मिळेल तर शपथ, असं म्हणाल्या.
मी नापास. बाईंना कल्पनाशक्तीची किंमत नाही.

४ ऑक्टोबर
वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीने प्रोजेक्ट वाचला. मी मागे बसून खिडकीबाहेर बघत होतो. मग ऐकू आलं : हे गृहस्थ दीड वर्ष स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवतात. टेबलावर नातू असतो. त्यांच्या तोंडातून घास सांडतो, ते नातवाला बघवत नाही. त्याला घास उतरावा म्हणून ते तिथे बसत नाहीत.
तिने नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. न वाजवून काय करणार?
घरी येऊन आईला विचारलं, हे खरं का. आई म्हणाली, तू याच घरात राहतोस ना?

६ ऑक्टोबर, दुपार
संकल्प : आजोबांबरोबर जेवायचं. साधी गोष्ट आहे. दोन ताटं मीच मांडली. आजोबांना बोलावलं. ते म्हणाले, मला भूक नाही. मी हट्ट धरला. मग आले. शर्ट बदलून आले.
जेवायला लागले. पहिला घास ठीक. दुसरा हनुवटीवरून खाली आला. त्यांनी तो बोटाने परत आत ढकलला. मी पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिलो. भाजी छान झाली आहे, असं म्हणालो. तिसऱ्या घासाला फोन आलाय, असं सांगून उठलो. फोन टेबलावरच होता.
बेसिनपाशी उभा राहून तोंडावर पाणी मारलं. पाच मिनिटं, फार तर सहा.
परत आलो तर टेबलावर माझं एकट्याचंच ताट होतं. आजोबांच्या जागेवरचं टेबल पुसलेलं. स्वयंपाकघरातून चमच्याचा आवाज येत होता, अगदी हळू.